जिनिंगमधले नऊ कॉम्प्युटर : अँटिव्हायरस आणि फायरवॉलच्या कामाच्या नोंदी

२२ सप्टेंबर २०२५, सोमवार

घटस्थापनेच्या दिवशी काम हाती घेतलं. वडकीकडच्या हायवेला लागून असलेली जिनिंग-प्रेसिंग, एकूण नऊ कॉम्प्युटर. शेठजींचं सांगणं एवढंच : "दिवाळी झाली का कापूस सुरू होते. तवा एकही मशीन बसलं नाही पाह्यजे." म्हणजे हातात जेमतेम पाच आठवडे.

दिवसभर फक्त पाहणी केली, कशालाच हात लावला नाही. ऑफिसात टॅलीचं (हिशोबाच्या सॉफ्टवेअरचं) मुख्य मशीन, मुनीमकाकांचं, चुकाऱ्याच्या (शेतकऱ्यांना पैसे देण्याच्या) खिडकीवरचं. बाहेर काट्याचं, ग्रेडरचं, प्रेसमधलं (गाठींच्या नोंदीचं), स्टोअरचं, सरकी विक्रीचं. आणि शेठजींचा लॅपटॉप. नऊपैकी सातांवर फायरवॉल (नेटवर्कवरून कोणाला आत येऊ द्यायचं हे ठरवणारा पहारा) पूर्ण बंद. चारांवर विकत घेतलेला अँटिव्हायरस आहे, पण त्याची मुदत मार्चमध्येच संपलेली. हे सगळ्यात वाईट. दुसरा अँटिव्हायरस बसला की विंडोजमधला स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, बाजूला होतो. इथे त्या दुसऱ्याची मुदत संपली तरी तो तिथेच बसून राहिला आणि डिफेंडर काही परत कामाला लागला नाही. म्हणजे सहा महिने राखणीला कोणीच नव्हतं. प्रेसमधल्या मशीनवर डिफेंडर चालू, पण नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून आणि कनेक्शन मीटर्ड (डेटा जपून वापरणारं) करून ठेवलेलं, त्यामुळे व्हायरसची यादी पाच आठवडे जुनी. काट्याच्या मशीनवर काहीच नाही. लॅपटॉप, सरकीचं आणि मुनीमकाकांचं, या तिघांवर 'सगळं ठीक' अशी हिरवी खूण दिसली.

चुकाऱ्याच्या मशीनवर 'शेतकरी' नावाचा एक फोल्डर आहे. त्यात तीन हंगामांची पासबुकं, आधार कार्डं, सातबारे, सगळं स्कॅन करून ठेवलेलं. फोल्डर शेअर केलेला, पासवर्ड नाही. माझे बाबाही कापूस विकतात. त्यांच्या पासबुकाची झेरॉक्स अशाच कुठल्या तरी फोल्डरात पडलेली असणार. आज घरी जाताना डोक्यात तेच होतं.

२३ सप्टेंबर

वहीत एक रकाना जादा आखला : 'का बंद केलं?' प्रत्येकाजवळ बसून विचारलं. कुणावर चूक लादायची नव्हती, तसं आधीच सांगितलं. मग लोक मोकळं बोलले.

मुनीमकाका : "राऊटर बदलला ना जी मागच्या वर्षी, तवा टॅलीच दिसे नाही कोणाले. एक पोरगा आला, त्यानं फायरवॉल बंद केली, अन् सुरू झालं."

काट्यावरचा दादा : "काट्याच्या सॉफ्टवेअरवाल्यानंच सांगतलं, अँटिव्हायरस अन् फायरवॉल बंद ठेवा, नाही तं आमी पाहणार नाही."

ग्रेडर : "लय हळू चालते ते लावलं का."

सात मशीनची सात कारणं, आणि प्रत्येक कारण खरं. कोणी गंमत म्हणून बंद केलं नव्हतं. दारात गाड्या उभ्या असताना काम अडलं, म्हणून अडवणारी वस्तू काढून टाकली. मी नुसतं सगळं चालू करून निघून गेलो तर नोव्हेंबरातल्या पहिल्याच गर्दीत ते पुन्हा बंद होणार. त्यामुळे कामाचा क्रम बदलला. आधी प्रत्येक कारण सोडवायचं, मग चालू करायचं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

काट्याची खोली. आजचा अख्खा दिवस इथेच गेला.

मशीन विंडोज ७ वर. त्या विंडोजचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० ला थांबवला, त्यानंतर साध्या ग्राहकाला एकही दुरुस्ती नाही. बदलायचं म्हटलं तर काट्याचं जुनं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही, आणि काट्याच्या डिस्प्लेवरून वजन येतं ते नऊ पिनांच्या सिरियल केबलने. नव्या मशीनला ते तोंडच नसतं. कन्व्हर्टर मिळतो, पण हंगाम तोंडावर असताना वजनाशी खेळ करायची माझी तयारी नाही.

आधी 'हळू चालते' ही तक्रार घेतली. ती इथेही होती. टास्क मॅनेजर पाहिला तर प्रोसेसरवर भार फारसा नाही, तरी मशीन रांगतंय. हात लावला तर डबा तापलेला. झाकण उघडलं. प्रोसेसरच्या पंख्याखाली जी ॲल्युमिनियमची पाती असतात त्यांवर रुईचा थर बसलेला, पातळ गादीसारखा, दाबलेला, करड्या रंगाचा. चिमटीत धरून ओढला तर अख्खा एका तुकड्यात निघाला, पात्यांच्या रेघा त्यावर उमटलेल्या. पंखा फिरत होता, पण वारा आत जायला वाटच नव्हती. प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग कमी करतो. लोकांना वाटलं अँटिव्हायरस जड आहे. ब्लोअर मारला, पेस्ट नवीन लावली, मागच्या जाळीवर मच्छरदाणीचा दुहेरी तुकडा चिकटवला. दर सोमवारी तो काढून झटकायचा. दादानं स्वतःहून ती जबाबदारी घेतली.

ग्रेडरचं मशीन संध्याकाळी उघडलं. तिथंही तेच, थोडं कमी. त्यात रॅम २ जीबीच होती, ती ८ केली.

या मशीनला एवढा वेळ का, असं शेठजींनी विचारलं. लांब धाग्याच्या कापसाचा यंदाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. वीस क्विंटलचा मेटॅडोर म्हणजे १ लाख ६२ हजार २०० रुपये. वर्षभराच्या त्या मेहनतीचा कागद म्हणजे काट्याची एक पट्टी. ती याच मशीनमधून निघते. हे सांगितल्यावर त्यांनी पुढे काही विचारलं नाही, चहा मागवला.

२९ सप्टेंबर, सोमवार

काट्याच्या मशीनचा निर्णय : इथे अँटिव्हायरसच्या भरवशावर राहायचं नाही. दारंच कमी करायची.

इंटरनेट तोडलं. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये आयपी (मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता) हाताने दिला आणि गेटवेची (बाहेर जायच्या वाटेची) जागा कोरी ठेवली, राऊटरमध्येही हे मशीन बाहेर जाऊ नये असा नियम टाकला. ऑफिसातल्या मशीनला काट्याची वजनं लागतात, तेवढा रस्ता ठेवायचा.

तो रस्ता शोधण्यात दुपार गेली. काट्याचं सॉफ्टवेअर आपला डेटा एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस या डेटाबेसमध्ये ठेवतं. मी फायरवॉल चालू करून १४३३ नंबरचा पोर्ट (नेटवर्कचं एक दार) उघडला, तरी ऑफिसातून वजनं दिसेनात. कारण असं की एक्सप्रेसचं इन्स्टन्स (डेटाबेसची चालू प्रत) ठरलेल्या पोर्टवर बसत नाही, पोर्ट स्वतः निवडतं आणि तो पुढे बदलूही शकतो. पोर्टच्या नंबरवर लिहिलेला फायरवॉलचा नियम बदलत्या दाराला लागू पडत नाही. सॉफ्टवेअरवाले 'फायरवॉल बंद ठेवा' का म्हणतात ते इथे कळलं. कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये जाऊन डायनॅमिक पोर्टची जागा रिकामी केली, टीसीपी पोर्ट १४३३ पक्का केला, सर्व्हिस पुन्हा चालू केली. ऑफिसातलं सॉफ्टवेअर पोर्ट विचारायला यूडीपी १४३४ वर येतं, तोही उघडला. दोन्ही नियमांच्या स्कोपमध्ये (परवानगी कोणाला, त्या जागेत) ऑफिसच्या एकाच मशीनचा आयपी. बाकी सगळ्यांना नकार.

चारला वजनं ऑफिसात दिसली, फायरवॉल चालू असताना. सॉफ्टवेअरवाल्यांना फोन करून हे सगळं लिहूनही पाठवलं, म्हणजे पुढे त्यांचा माणूस आला तर त्याला कळेल.

१ ऑक्टोबर

सकाळी आठला दादाचा फोन. सोयाबीनची गाडी काट्यावर, आणि पट्टीवर तारीख १ जानेवारी २००९.

चूक माझी. रात्री लाइट गेली, यूपीएस उतरला, मशीन बंद पडलं. मदरबोर्डवरचा सेल कधीचा मेलेला होता, पण आतापर्यंत मशीन चालू झालं की इंटरनेटवरून तारीख दुरुस्त करून घ्यायचं. मी इंटरनेट तोडलं आणि तो आधारही गेला. दोन पट्ट्या चुकीच्या तारखेने निघाल्या होत्या. त्या रद्द करून नव्या दिल्या, रजिस्टरात तशी नोंद केली, गाडीवाल्यांची माफी मागितली. सेल सीआर २०३२, वडकीत घड्याळाच्या दुकानात मिळाला. रात्री मुद्दाम मशीनची वायर काढून ठेवली, सकाळी तारीख बरोबर.

नेट तोडण्याआधी त्या मशीनचं नेटवर काय काय अवलंबून आहे हे बघायला हवं होतं. वहीत पुढच्या मशीनसाठी तो प्रश्न लिहून ठेवला.

६ ऑक्टोबर, सोमवार

ऑफिसचे तीन कॉम्प्युटर. मुदत संपलेला अँटिव्हायरस चारही मशीनवरून काढला. नुसतं अनइन्स्टॉल करून त्याचे अवशेष राहतात, म्हणून त्या कंपनीचं स्वतःचं काढायचं टूल वापरलं. मशीन पुन्हा चालू झालं की डिफेंडर आपोआप जागा झाला. नवीन अँटिव्हायरस घ्यायचा का, हा प्रश्न शेठजींचा. आपल्या महाराष्ट्रातली, पुण्याची क्विक हील आहे, धंद्यासाठी त्यांचंच सेक्राइट आहे, चांगली सोय आहे, एका जागेवरून सगळी मशीन दिसतात. पण काटा सोडून उरलेल्या आठ मशीनला आत्ता विंडोजसोबत येणारा डिफेंडर नीट चालवला तर पुरतो. वाचलेले पैसे रॅम आणि बॅकअपच्या डिस्कला घाला, असं मी सुचवलं. ते पटलं.

आता टॅली दिसत नव्हती ते का, याचा शोध. विंडोज प्रत्येक नेटवर्कला ओळख देतं : पब्लिक, प्रायव्हेट किंवा डोमेन. राऊटर बदलला की विंडोजला ते नवं, अनोळखी नेटवर्क वाटतं आणि ते त्याला पब्लिक समजतं, बसस्टँडवरच्या वायफायसारखं. पब्लिकमध्ये फोल्डर शेअरिंगचे दरवाजे बंद. टॅलीचा डेटा शेअर केलेल्या फोल्डरात, म्हणून ती दिसेना. वर्षभर तीनही मशीन उघडी पडली होती ती एवढ्याशा कारणावरून.

नेटवर्क प्रायव्हेट केलं. तिन्ही ओळखींसाठी फायरवॉल चालू केली. मुख्य मशीनवर दोनच दारं : ४४५ (फोल्डर शेअरिंग) आणि ९९९९ (टॅलीचं लायसन्स देणारा गेटवे), दोन्ही फक्त मुनीमकाकांच्या आणि चुकाऱ्याच्या मशीनसाठी. 'शेतकरी' फोल्डरचं शेअरिंग काढलं. तो आता फक्त चुकाऱ्याच्या खिडकीवरच उघडतो.

मुनीमकाकांनी टॅली उघडली, दिसली. ते पाच मिनिटं एकेक व्हाउचर उघडून बघत राहिले. मग म्हणाले, "फायरवॉल चालूच आहे काय आता?" हो म्हटलं. "मंग हे पह्यलेच काहून नाही केलं कोणं?"

७ ऑक्टोबर

फायरवॉलची नोंदवही चालू केली. अडवलेल्या पॅकेटची (नेटवर्कवरून येणाऱ्या डेटाच्या तुकड्यांची) नोंद विंडोज आपणहून ठेवत नाही, ते 'होय' करावं लागतं. फाइलची मर्यादा मुळात ४,०९६ केबी असते, ती वाढवली. यापुढे कोणी 'चालत नाही' म्हटलं की अंदाज बांधायचा नाही, ही फाइल उघडायची.

आणि लगेच उपयोग झाला. दुपारी स्टोअरवाल्यांची तक्रार, स्कॅन केलेला कागद कॉम्प्युटरवर येत नाही. फाइल उघडली : एकाच आयपीवरून ४४५ वर पुन्हा पुन्हा 'ड्रॉप', म्हणजे अडवलेलं. तो आयपी ऑफिसच्या मोठ्या झेरॉक्स मशीनचा. ते मशीन स्कॅन करून थेट शेअर फोल्डरात टाकतं.

नियम टाकून मोकळं होता आलं असतं. पण हे झेरॉक्स मशीन जुनं आहे, ते एसएमबीची (फोल्डर शेअरिंगसाठी मशीन वापरतात त्या भाषेची) पहिली आवृत्तीच बोलतं. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा खंडणीवाला व्हायरस जगभर पसरला तो त्याच पहिल्या आवृत्तीतल्या भोकातून. मायक्रोसॉफ्टने त्याची दुरुस्ती १४ मार्च २०१७ लाच दिली होती, ज्यांनी टाकली नव्हती त्यांची मशीन गेली. एका स्कॅनरसाठी ते दार मी उघडं ठेवणार नाही.

९ ऑक्टोबर

एसएमबीची पहिली आवृत्ती सगळीकडून काढली. झेरॉक्स मशीन यूएसबी केबलने चुकाऱ्याच्या कॉम्प्युटरला जोडलं, म्हणजे शेतकऱ्यांचे कागद तिथेच स्कॅन होतात आणि तिथेच राहतात. स्टोअरला एका कागदासाठी चार पावलं चालावं लागेल. त्यांना कारण सांगितलं, ऐकलं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

आज ज्याने मला हलवलं ते मुनीमकाकांचं मशीन, जे पहिल्या दिवशी मी 'ठीक' लिहिलं होतं.

अँटिव्हायरस जागा आहे की नाही हे तपासायला आयकार नावाची एक परीक्षेची फाइल असते. ६८ अक्षरांची साधी ओळ, कुणाचं काही बिघडवत नाही, पण जगातले जवळपास सगळे अँटिव्हायरस ती बघून ओरडतात, तसं ठरलेलंच आहे. काटा सोडून प्रत्येक मशीनवर ती नोटपॅडमध्ये लिहून सेव्ह करत गेलो. सेव्ह केली की सेकंदात खाली इशारा, फाइल गायब. मुनीमकाकांच्या डेस्कटॉपवर मात्र ती तशीच बसून राहिली. उघडली, बंद केली, कॉपी केली. काही नाही. कोपऱ्यात हिरवी खूण.

सेटिंगमध्ये एक्सक्लूजन (तपासणीतून वगळलेल्या जागांची यादी) उघडलं. एकच नोंद होती : अख्खा सी ड्राइव्ह. म्हणजे डिफेंडरला सांगून ठेवलेलं, की या घरात कुठेही बघू नकोस. कारण शोधायला वेळ लागला नाही. मायक्रोसॉफ्ट ऑफिस फुकट चालवायचं एक ॲक्टिव्हेटर कुणीतरी टाकलं होतं. डिफेंडर ते पुसायचा, म्हणून ही वाट. तेव्हापासून जे काही आलं असेल ते बिनविचारलं आत आलं.

हिरव्या खुणेवर विश्वास ठेवून मी पुढे गेलो होतो, हे मला लागलं. आता काटा सोडून आठही मशीनवर एक्सक्लूजनची यादी स्वतः उघडून पाहिली आहे. आणखी एका ठिकाणी, स्टोअरला, असंच निघालं.

दोन्ही मशीनवर एक्सक्लूजन काढून पूर्ण स्कॅन लावला. मुनीमकाकांच्या मशीनला चार तास लागले, ॲक्टिव्हेटर आणि त्याच्यासोबत आलेले दोन प्रोग्राम सापडले. काय काय गेलं असेल याची खात्री देता येत नाही, म्हणून साफ करून चालवण्यापेक्षा डेटा काढून दोन्ही मशीन फॉरमॅट केली. मुनीमकाकांचे बँकेचे, ईमेलचे पासवर्ड त्यांच्या समोर बसून दुसऱ्या मशीनवरून बदलले. पत्रं आणि तक्त्यांसाठी लिब्रेऑफिस टाकलं. फुकट आहे आणि चोरीचं नाही. मराठी टायपिंग त्यात नीट होतं, हे त्यांनी स्वतः एक पत्र लिहून बघितलं.

याच ओघात सगळ्यांची रोजची खाती साध्या वापरकर्त्याची केली. ॲडमिनचा पासवर्ड वेगळा, लिफाफ्यात घालून, सही करून शेठजींच्या तिजोरीत. आता डिफेंडर किंवा फायरवॉल बंद करायची तर तो लिफाफा फोडावा लागेल. टॅम्पर प्रोटेक्शन (डिफेंडरची सेटिंग परस्पर बदलू न देणारी सोय) चालू.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आज विंडोज १० चा आधार संपला. सकाळपासून शेठजींना व्हॉट्सॲपवर चार जणांनी पाठवलं, 'उद्यापासून कॉम्प्युटर बंद'. तसं काही नाही. मशीन चालतच राहतं, फक्त नवीन सापडणाऱ्या भोकांना ठिगळ मिळत नाही. डिफेंडरची यादी विंडोज १० ला ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहणार, असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं आहे. मुनीमकाकांना ते असं समजावलं : फवारणी चालू राहील, पण कुंपण रानडुकरानं फोडलं तर ते कोणी बांधून देणार नाही. त्यांनी लगेच मान हलवली. यंदा त्यांच्या तुरीत डुकरं शिरली होती.

आठ मशीन विंडोज १० ची. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. तीन मशीन या अटींत बसतात, ती विंडोज ११ वर नेली. उरलेल्या पाचांसाठी कंपन्यांना वाढीव आधार विकत मिळतो, पहिल्या वर्षी एका मशीनला ६१ डॉलर आणि दर वर्षी दुप्पट. दोन वर्षांच्या त्या पैशात जुनी पण आठव्या पिढीची मशीन कमी-जास्त करून येते. ठरलं असं : मुनीमकाकांचं आणि सरकीचं आत्ता बदलायचं, कारण त्यांवर ईमेल आणि बँक. ग्रेडर, प्रेस आणि स्टोअर या तिघांना यंदा वाढीव आधार, पुढच्या उन्हाळ्यात बदल. त्यांवर ईमेल नाही, ब्राउझरही काढला.

१७ ऑक्टोबर

राऊटर आणि कॅमेरे. राऊटरचा पासवर्ड मूळचाच होता, ॲडमिन-ॲडमिन. बदलला, फर्मवेअर अद्ययावत केलं, यूपीएनपी (उपकरणांना आपोआप पोर्ट उघडू देणारी सोय) बंद केलं. कॅमेऱ्यांचा डीव्हीआर (चित्रण साठवणारा डबा) बाहेरून मोबाइलवर दिसावा म्हणून कुणी तरी पोर्ट थेट इंटरनेटवर उघडून ठेवला होता, तोही मूळच्या पासवर्डवर. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने असेच डीव्हीआर आणि कॅमेरे लाखांनी ताब्यात घेतले होते. पोर्ट बंद केला, कॅमेरे वेगळ्या राऊटरवर टाकले, टॅलीच्या नेटवर्कशी त्यांचा संबंध नाही. शेठजी आता ॲपमधून बघतात. ऑफिसच्या मशीनवर रिमोट डेस्कटॉपही (लांबून मशीन चालवायची सोय) चालू होतं, ३३८९ वर. कुणी वापरत नव्हतं. बंद.

उद्यापासून दिवाळीची सुट्टी.

२९ ऑक्टोबर, बुधवार

मुहूर्ताचा कापूस. पहिल्या बंडीच्या बैलांना हळदकुंकू, शेतकऱ्याला शेला-नारळ. मी काट्याच्या खोलीत उभा होतो. वजन चढलं, पट्टी निघाली, तारीख बरोबर, ऑफिसात आकडा पोचला. फायरवॉलच्या नोंदीत काहीही अडलेलं नाही.

दिवसभरात एकदाही फोन आला नाही.

६ नोव्हेंबर

दुपारी मुनीमकाकांचा फोन, आवाज घाबरलेला : "अँटिव्हायरस संपला म्हणते, पाच व्हायरस दाखवते, पैसे भरा म्हणते. मी काहीच दाबलं नाही."

गेलो. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात लाल चिन्हाचा इशारा, एका नामांकित अँटिव्हायरससारखा दिसणारा. तो अँटिव्हायरस या मशीनवर नाहीच. हा क्रोमने दिलेला नोटिफिकेशन होता. बाजारभाव बघताना कुठल्या तरी साइटने 'अलाऊ' मागितलं आणि दिलं गेलं. इशाऱ्याच्या खाली बारीक अक्षरांत त्या साइटचं नाव दिसतं, खरं डिफेंडर तिथे 'विंडोज सिक्युरिटी' लिहितं. ते दोन्ही शेजारी ठेवून काकांना दाखवलं. त्या साइटची परवानगी काढली, क्रोम असलेल्या सगळ्या मशीनवर त्याला नोटिफिकेशन विचारायचीच बंदी केली.

त्यांनी दाबलं नाही, आधी फोन केला, ही फार मोठी गोष्ट झाली. तसं सगळ्यांसमोर सांगितलं. मग एक कागद छापून नऊही टेबलांवर लावला : काही विचित्र दिसलं तर नेटची वायर काढा, मशीन बंद करू नका, मला फोन करा. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन). शेठजींच्या कागदावर एक ओळ जादा : मोठा हल्ला झाला तर सर्ट-इनला (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) सहा तासांत कळवावं लागतं, २८ एप्रिल २०२२ चा तसा आदेश आहे.

१३ नोव्हेंबर

प्रेसमध्ये आता ऑफिसच्या फायबरची केबल ओढली, हॉटस्पॉट गेला, मीटर्डही काढलं. यादी आजची. रस्त्याच्या कामात फायबर तुटलं तर डिफेंडरची यादी माझ्याकडून डाउनलोड करून पेन ड्राइव्हवर न्यायची. तो पेन ड्राइव्ह पिवळा, त्यावर 'फक्त अपडेट' लिहिलंय, दुसऱ्या कामाला वापरायचा नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

बॅकअप परत चढवून बघितला. मुख्य मशीनवर टॅलीच्या फोल्डरला डिफेंडरचं कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस लावलेलं आहे, म्हणजे टॅली आणि विंडोजला भरवशाचे वाटणारे प्रोग्राम सोडून दुसऱ्या कुठल्या प्रोग्रामला त्या फोल्डरात लिहिता येत नाही. तरी खंडणीवाला व्हायरस शिरला तर शेवटी डिस्कच उपयोगी.

डिस्क दोन, एक आड एक दिवस. कालची डिस्क घेतली, सरकीच्या जुन्या रिकाम्या मशीनवर टॅली टाकून डेटा चढवला. पहिल्यांदा अर्ध्यावर थांबला. डिस्कची केबल सैल होती. केबल बदलली, पन्नास मिनिटांत सगळं आलं. मुनीमकाकांनी चुकाऱ्याचा कालपर्यंतचा एकूण आकडा दोन्ही मशीनवर उघडला आणि बोट ठेवून एकेक अंक वाचला. पैशापर्यंत जुळला.

त्यानंतर त्यांनी डिस्क रुमालात गुंडाळली, जेवणाच्या डब्याच्या पिशवीत ठेवली आणि साडेसहाच्या बसने घरी घेऊन गेले. आजपासून रोज तसंच.

बाकी काम : काट्याचा सिरियल कन्व्हर्टर उन्हाळ्यात तपासायचा. ग्रेडर, प्रेस, स्टोअरची मशीन मे महिन्यात. काट्याच्या मशीनची जाळी, सोमवारी.